वाचकांचे प्रश्न : ग्लासगोचा क्वीन्स पार्क

३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्यावरचा लेख मागच्या अंकात होता. त्या दिवशी स्कॉटलंडचे अकराच्या अकरा खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे होते, हे वाचून या क्लबबद्दलच बरेच प्रश्न आले. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : हा क्लब म्हणजेच लंडनचा ‘क्यूपीआर’ का? आणि नावातली राणी व्हिक्टोरियाच ना? (पुणे)

दोन्हींचं उत्तर नाही. क्वीन्स पार्क रेंजर्स हा लंडनचा निराळा क्लब. त्याचे पट्टे निळे-पांढरे. ग्लासगोचा क्वीन्स पार्क ९ जुलै १८६७ रोजी स्थापन झाला. त्याचे आडवे पट्टे काळे-पांढरे, म्हणून टोपणनाव ‘स्पायडर्स’. हे पट्टे १८७३ साली आले. त्याआधी क्लबचा जर्सी निळा होता, आणि स्कॉटलंडचा संघ १८७२ मध्ये निळ्यात उतरला तो त्यामुळेच. क्लबने पट्टे घेतले, देशाने निळा रंग ठेवून घेतला.

स्थापनेच्या बैठकीत ‘द केल्ट्स’, ‘द नॉर्दर्न’ अशी नावंही सुचवली गेली होती. ‘क्वीन्स पार्क’ एका मताने जिंकलं. जवळच्या ज्या बागेवरून हे नाव घेतलं ती स्कॉटलंडची राणी मेरी हिच्या नावाची आहे. १५६८ साली लँगसाइडची लढाई ती इथेच हरली. घोटाळा होतो तो बागेकडे जाणाऱ्या रस्त्याचं नाव व्हिक्टोरिया रोड असल्यामुळे.

प्रश्न : शाळेच्या क्रीडादिनी १८७२ च्या नियमांनी एक प्रदर्शनीय सामना खेळवायचा आहे. मुलं चौदा-पंधरा वर्षांची. काय तयारी लागेल? (क्रीडाशिक्षक, कोल्हापूर)

तयारी थोडीच लागते, पण मुलांच्या अंगवळणी पडलेले नियम विसरायला लावणं हे खरं काम आहे.

आधी गोल. दोन खांबांमधलं अंतर तेव्हाही आठ यार्ड, म्हणजे ७.३२ मीटरच होतं. आडवा दांडा मात्र नव्हता. आठ फुटांवर एक पट्टी ताणून बांधत. तुमचा गोल लोखंडी असेल तर तो बाजूला ठेवा. दोन जाड बांबू जमिनीत दीड-दोन फूट पुरून वरती पांढरी नायलॉनची पट्टी बांधा. पट्टी हमखास मधोमध झोळते, आणि मग खांबाजवळ आठ फूट तर मध्ये साडेसात असा प्रकार होतो. बांबू बाहेरच्या बाजूने दोरीने ताणून खुंटीला बांधले की झोळ जातो. आठ फुटांची काठी जवळ ठेवून मध्यंतराला एकदा मापून घ्या. जाळी लावू नका. तेव्हा ती नव्हती. म्हणूनच चेंडू पट्टीच्या वरून गेला की खालून, यावर वाद होत. त्या पहिल्या सामन्यात शेवटी शेवटी स्कॉटलंडच्या रॉबर्ट लेकीचा फटका पट्टीवरच पडला, गोल मिळाला नाही आणि सामना ०-० राहिला. प्रत्येक गोलमागे एक मोठा मुलगा फक्त हे पाहायला उभा करा.

मैदानावर चुन्याच्या रेघा मारू नका. चार कोपऱ्यांत निशाणं पुरेशी आहेत. पेनल्टी १८९१ साली आली, त्यामुळे तिचा चौकोनही नको.

आता नियम. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की ज्याचा हात आधी लागेल त्याचा थ्रो, आणि तोही रेषेला काटकोनात, सरळ आत. चेंडू जमिनीला टेकेपर्यंत खेळ सुरू होत नाही. यात मुलं चेंडूमागे धावत प्रेक्षकांत घुसतात, म्हणून बाजूला पाच मीटर जागा मोकळी ठेवा. बाकं तिथे नकोत. प्रत्येक गोलनंतर संघांनी बाजू बदलायच्या. मध्यंतराला बाजू बदलतात ती फक्त तोवर एकही गोल झाला नसेल तरच.

ऑफसाइड सर्वांत चुकणारा. आपल्याच संघातल्या मुलाने चेंडू मारला त्या क्षणी तुम्ही चेंडूच्या पुढे असाल, तर तुमच्या आणि गोलरेषेच्या मध्ये समोरच्या संघाचे निदान तीन खेळाडू हवेत. आज दोन पुरतात. गोलरक्षक या तिघांत धरला जातो. आदल्या दिवशी पटांगणात उभे करून हे तीन वेळा दाखवलंत तरच सामन्यात जमेल.

शिटी नाही. प्रत्येक संघाचा एक पंच, आणि दोघांचं जुळलं नाही तर निर्णय द्यायला बाहेर एक रेफरी. पंचही आपणहून काही देत नाहीत. क्रिकेटसारखं अपील करावं लागतं. (तो सामना ग्लासगोच्या वेस्ट ऑफ स्कॉटलंड क्रिकेट क्लबच्या मैदानावरच झाला होता.) खांद्याने धक्का मारायला तेव्हा मुभा होती, ती मात्र शाळेत देऊ नका.

रचनेत खरी गंमत आहे. एका संघाला इंग्लंडसारखं आठ जण पुढे ठेवून खेळवा : एकाने चेंडू पायाशी घेऊन ड्रिबल करत सुटायचं आणि बाकीच्यांनी चेंडू सुटलाच तर उचलायला मागे धावायचं. दुसरा संघ स्कॉटलंडसारखा २-२-६, म्हणजे गोलरक्षकापुढे दोन मागे, दोन मध्ये, सहा पुढे. पण ते सहा जोडीजोडीने : दोन डावीकडे, दोन मध्ये, दोन उजवीकडे. नियम एकच द्या, समोर कोणी आडवा आला की चेंडू जोडीदाराला. इंग्लंडचे गडी अंगाने थोराड होते. त्यांच्याशी धडक घेण्यापेक्षा चेंडू बाजूला देणं शहाणपणाचं, आणि रोज एकत्र खेळणाऱ्या एका क्लबला ते जमलं. पास देऊन खेळण्याची सुरुवात एकट्या क्वीन्स पार्कने केली असं मात्र फलकावर लिहू नका. इंग्लंडमधला रॉयल इंजिनिअर्सचा लष्करी संघही त्याच सुमारास तसाच खेळत होता. क्वीन्स पार्कने ती पद्धत मुरवली आणि स्कॉटलंडभर नेली.

पोशाख सोपा आहे. स्कॉटलंड : निळा जर्सी, डोक्यावर लाल टोपी. इंग्लंड : पांढरा जर्सी, गडद निळी टोपी. चेंडू आजचा पाच नंबरचाच चालेल, घेर तेव्हाही २७ ते २८ इंच होता. वेळ मात्र पंचवीस-पंचवीस मिनिटं ठेवा. तीन खेळाडूंच्या ऑफसाइडमुळे गोल कमी होतात, आणि प्रेक्षकांतले पालक नव्वद मिनिटं टिकणार नाहीत.

प्रश्न : क्विझसाठी विचारतो. क्वीन्स पार्कने स्कॉटिश कप किती वेळा जिंकला? कुठे नऊ दिसतं, कुठे दहा. आणि इंग्लंडचा एफए कप? (नाशिक)

दहा लिहा : १८७४, ७५, ७६, ८०, ८१, ८२, ८४, ८६, ९० आणि ९३. ‘नऊ’ येतं ते १८८४ मुळे. त्या वर्षी अंतिम सामन्याला व्हेल ऑफ लेव्हन हा प्रतिस्पर्धी संघ उतरलाच नाही आणि कप क्वीन्स पार्कला देण्यात आला. अधिकृत यादीत ते विजेतेपद धरतात. सेल्टिक आणि रेंजर्स (हा ग्लासगोचा, लंडनचा नव्हे) यांच्यानंतर आजही तिसरा क्रमांक याच क्लबचा आहे, तोही १८९३ नंतर एकदाही कप न जिंकता.

एफए कप कधीच जिंकला नाही. १८८४ आणि १८८५ अशा लागोपाठ दोन अंतिम सामन्यांत ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून हरले, २-१ आणि २-०. पण क्विझला चांगला प्रश्न १८७२ चा आहे. पहिल्याच एफए कपच्या करंडकासाठी क्वीन्स पार्कने एक गिनी वर्गणी दिली. प्रवासाचं अंतर पाहून त्यांना सुरुवातीच्या फेऱ्यांतून सूट मिळत गेली आणि पहिला सामना थेट उपांत्य फेरीचा, लंडनच्या ओव्हलवर. वाँडरर्स या लंडनच्या क्लबशी ०-०. पुन्हा खेळायचं तर लंडनला थांबायला किंवा परत यायला पैसे नव्हते. ते माघारी गेले, वाँडरर्स पुढे गेले आणि कप जिंकले. एकही सामना न हरता स्पर्धेबाहेर! १८८७ मध्ये स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांना एफए कप खेळायलाच बंदी केली.

प्रश्न : एवढा मोठा क्लब मागे का पडला? पैसे न घेता खेळायचा हट्ट कशासाठी? (मुंबई)

क्लबचं ब्रीद लॅटिनमध्ये आहे, अर्थ ‘खेळासाठी खेळ’. १८७० च्या दशकात सगळेच बिनपैशाचे खेळत, त्यामुळे ब्रीद पाळणं जड जात नव्हतं. १८८५ मध्ये इंग्लंडने खेळाडूंना पगार द्यायला परवानगी दिली आणि स्कॉटलंडचे चांगले पास देणारे गडी दक्षिणेला जाऊ लागले. १८९० मध्ये स्कॉटिश लीग निघाली. क्वीन्स पार्कने सामील व्हायला नकार दिला : साखळी स्पर्धा आली की ठरलेले सामने, ठरलेली गेटची कमाई, मग पगार आणि मग लहान क्लबांचा अंत, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. पगार लपूनछपून दिले जातच होते. रेंटन या क्लबला तर, छुपे पगार देणाऱ्या संघाशी खेळला म्हणून, पहिल्याच हंगामात पाच सामन्यांनंतर लीगमधून काढलं. १८९३ मध्ये स्कॉटलंडनेही व्यावसायिकता मान्य केली. १८७३ मध्ये स्कॉटिश असोसिएशन स्थापन करणाऱ्या आठ क्लबांपैकी आज वरच्या लीगव्यवस्थेत उरले आहेत दोनच, किल्मार्नॉक आणि क्वीन्स पार्क.

पण निदान बरोबर असलं म्हणून उपाय बरोबर ठरत नाही. बाहेर राहिल्याने सामने मिळेनात. १९०० मध्ये ते लीगमध्ये आले, तेही हौशी राहूनच. कराराने बांधलेले खेळाडू नसल्याने कोणी चमकला की दुसरा क्लब त्याला बदलीची रक्कम न देता नेई. पुढे मँचेस्टर युनायटेडचा नामवंत प्रशिक्षक झालेला अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९५८ मध्ये इथूनच पहिल्यांदा खेळला आणि गेला. अँडी रॉबर्टसन २०१२-१३ चा एक हंगाम इथे काढून डंडी युनायटेडला गेला, पुढे लिव्हरपूलला. सर्वोच्च विभागात क्वीन्स पार्क १९५८ नंतर खेळलेला नाही.

तरी क्लब बुडाला नाही, कारण हँपडन. १९०३ मध्ये उघडलेलं हे स्टेडियम त्यांच्या मालकीचं होतं. १९३७ मध्ये स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याला अधिकृत आकडा १,४९,४१५ प्रेक्षकांचा. खेळाडू फुकट आणि मैदान भाड्याने, असा हा संसार. २०२० मध्ये हँपडन स्कॉटिश असोसिएशनला ५० लाख पौंडांना विकलं गेलं. आधार सुटणार हे दिसत असताना, २०१९ मध्येच, सभासदांनी मोठ्या बहुमताने हौशीपण सोडलं होतं. दोन बढत्या मिळवून क्लब २०२२ मध्ये दुसऱ्या विभागात पोचला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये स्कॉटिश कपमध्ये रेंजर्सना त्यांच्याच आयब्रॉक्स मैदानावर १-० ने हरवलं. पगार दिल्याचा परिणाम इतका झटपट दिसावा, हे ब्रीदवाक्याला थोडं झोंबणारंच आहे.

प्रश्न : अनवाणी खेळणारा कोलकात्याचा मोहम्मद सलीम याच क्लबकडून खेळला ना? (सोलापूर)

नाही, सेल्टिककडून. १९३६ मध्ये, पायांना पट्ट्या बांधून, दोन सामने. मग घरची ओढ लागून परतला. क्वीन्स पार्कशी जोडायचं नाव अँड्र्यू वॉटसनचं. दक्षिण अमेरिकेतल्या डेमेरारात जन्मलेला हा खेळाडू जगातला पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू. मार्च १८८१ मध्ये त्याच्या कप्तानीत स्कॉटलंडने लंडनमध्ये इंग्लंडला ६-१ हरवलं.

प्रश्न : मुलगा ग्लासगोत शिकतो, भेटायला जाणार आहोत. तीन हँपडन आहेत म्हणतात. एका दुपारी पाहून होतील? (ठाणे)

होतील, आणि चालत. ग्लासगो सेंट्रलहून कॅथकार्ट मार्गाची लोकल घेऊन क्रॉसहिलला उतरा. जवळच किंग्जली अ‍ॅव्हेन्यूवर हँपडन बोलिंग क्लबची हिरवळ आहे. हेच पहिलं हँपडन, १८७३ चं. समोरच्या हँपडन टेरेस या घरांच्या रांगेवरून हे नाव पडलं. तुम्ही ज्या रेल्वेने आलात तिच्यासाठीच क्लबला हे मैदान सोडावं लागलं.

तिथून कॅथकिन पार्क. १८८४ चं हे दुसरं हँपडन १९०३ मध्ये थर्ड लनार्क या क्लबकडे गेलं. तो क्लब १९६७ मध्ये बंद पडला, मैदान बाग झालं. तीन बाजूंच्या पायऱ्या आणि गर्दी अडवायचे लोखंडी कठडे अजून तसेच आहेत, मधून झाडं उगवली आहेत. तिकीट नाही, फाटक नाही. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, पाऊस पडून गेला असेल तर चपला-सँडल नको.

शेवटी माउंट फ्लोरिडाकडे चालत आजचं हँपडन. आत स्कॉटिश फुटबॉल म्युझियम आहे, तिथे मूळ स्कॉटिश कप पाहता येतो. सामन्याच्या किंवा मोठ्या संगीत कार्यक्रमाच्या दिवशी स्टेडियमची फेरी बंद असू शकते, तेव्हा आधी वेळापत्रक पाहा. क्वीन्स पार्कचा सामना पाहायचा असेल तर तो हँपडनवर आहे की ‘लेसर हँपडन’वर ते आधी पाहा. दुसरं म्हणजे शेजारचं छोटं मैदान. दारं वेगळी आहेत. परतीची लोकल माउंट फ्लोरिडाहूनच मिळते.