बाबा रुसले नव्हते

"मॅडम, बाबा हल्ली घराबाहेरच पडत नाहीत. कशात मन लागत नाही त्यांचं." फोंडा, डिचोली, म्हापशाहून येणाऱ्या मुलामुलींच्या तोंडून हे मी समुपदेशक म्हणून इतक्यांदा ऐकलंय, की आता मनाच्या आधी पायांची चौकशी करते.

ते मला शिकवलं एका निवृत्त मास्तरांनी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वय 74, राहणार फोंडा तालुक्यातल्या एका गावात. देवळातलं गुरुवारचं भजन त्यांनी कधी चुकवलं नव्हतं, ते पावसाळ्यापासून बंद. मुलीला वाटलं, आई गेल्याचं दुःख आता वर आलंय. चार भेटी आम्ही त्या दुःखाभोवतीच फिरलो. मास्तर नम्रपणे उत्तरं देत राहिले.

पाचव्या भेटीत निघताना ते खुर्चीतून उठू लागले. आधी पुढे सरकले, दोन्ही हातांनी खुर्ची रेटली, परत टेकले, मग उठले. मी विचारलं, "मास्तर, भजनाला खाली बसावं लागतं ना?"

बराच वेळ ते गप्प होते.

"बसायला येतं," ते म्हणाले. "उठायला येत नाही. मागच्या खेपेला दोघांनी काखेत हात घालून उठवलं. त्यातला एक माझा विद्यार्थी."

मुलगी रडायला लागली. "बाबा, मला का नाही सांगितलं?"

"तू लगेच काठी आणली असतीस."

त्या एका वाक्यात मला जे मिळालं, ते चार भेटींत मिळालं नव्हतं. माझा पिंड नात्यांतून माणूस वाचण्याचा. म्हणून सांगते, वडीलधारी माणसं दुखण्यापेक्षा परावलंबन जास्त लपवतात. पाय थकतात आणि जीभ सबबी शोधते: "कदंबात (गोव्यातल्या सरकारी बसमध्ये) गर्दी असते", "जत्रेत आता पूर्वीसारखी मजा नाही". कदंबाची पहिली पायरी उंच असते, हे कुणी बोलत नाही.

म्हणून सबबी ऐका आणि सोबत बघा. चालताना भिंतीला, टेबलाला हात लागतो का? बोलायचं झालं की पाऊल थांबतं का? वळताना तोल जातो का? खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला 12 सेकंद किंवा जास्त लागत असतील, तर पडण्याचा धोका धरून डॉक्टरांना दाखवा. "वय झालं" म्हणून सोडू नका. उभं राहताना उतरणारा रक्तदाब, झोपेच्या गोळ्या, मोतीबिंदू, गुडघे, पार्किन्सन. कारण काहीही असू शकतं आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. पण एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, तर वाट न बघता 108 लावा.

आणि एकदा पडलेल्या माणसाला "आता बसूनच राहा" म्हणू नका. भीतीने चालणं कमी होतं, न चालण्याने स्नायू आणखी झिजतात आणि पुढचं पडणं जवळ येतं. अंगणातल्या चिऱ्यांवरचं शेवाळ घासा, न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, पण फिरणं तोडू नका. बोलताना "तुम्हाला जमत नाही" असं नको, "कुठे अडतं?" एवढंच विचारा.

मास्तरांना आम्ही तेच विचारलं. काठीचा विषय त्यांनीच दोन महिन्यांनी काढला. तोवर फिजिओथेरपिस्टने खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम दिला होता आणि मुलीने देवळात एक खुर्ची ठेवायला सांगितली होती. पहिल्या गुरुवारी मास्तर गेले, तेव्हा आणखी दोघांनी आपल्यालाही खुर्ची मिळेल का म्हणून विचारलं.