बलाफ पुलावरची उडी: मारतात की बसते?

तुम्ही विचारलंय की आयल ऑफ मॅन टीटीच्या (ब्रिटनजवळच्या बेटावर साध्या रस्त्यांवर होणारी बाइकची शर्यत) व्हिडिओत त्या बुटक्या दगडी पुलावर सगळे बाइक उडवतात, ते मुद्दाम का, आणि जितकी उंच उडी तितका रायडर भारी का. अगदी उलट आहे.

तो पूल म्हणजे बलाफ ब्रिज. स्पेलिंग बघून बल्लॉघ वाचू नका, तिथले लोक शेवटी 'फ' म्हणतात. 60.7 किमीच्या फेरीत सुरुवात होते त्या डग्लस शहराहून निघाल्यावर साधारण 28 किमीवर येतो. नदी म्हणायला नदी, आपल्याकडे ओढा म्हटलं असतं. आणि हा ट्रॅक नाहीच. एरवी गावातला रस्ता, त्यावरून बस जाते.

आता उडीचं. मागचं चाक हवेत असेल तितका वेळ ना ओढ मिळते ना ब्रेक. म्हणजे उंच उडी हा शुद्ध तोटा. बिशप्सकोर्टच्या वेगवान पट्ट्यातून येताना म्हणूनच सणसणीत ब्रेक मारून गियर खाली आणतात. पुलाच्या माथ्यावर थ्रॉटल किंचित सोडायचा. नाही सोडला तर मोकळं चाक भन्नाट फिरतं, आणि जमिनीला टेकलं की सगळा झटका चेन आणि गिअरबॉक्सवर. आधी मागचं चाक टेकवायचं, हँडल सरळ. उतरल्या उतरल्या वळण आहेच, त्यामुळे चुकीच्या दिशेने उडालात तर सावरायला जागा नाही. त्यातून सीनियरच्या, म्हणजे टीटीतल्या मुख्य शर्यतीच्या, 6 फेऱ्यांत पेट्रोल दर 2 फेऱ्यांनी भरतात. भरल्या टाकीची बाइक आणि रिकामी होत आलेली, दोन्ही वेगळ्या उडतात.

1939 मध्ये बीएमडब्ल्यूचा कार्ल गाल सरावात इथेच पडला, त्यातच गेला. त्याचा सहकारी गेओर्ग मायर त्याच वर्षी सीनियर जिंकला.

बघायला जाणार असाल तर एक: रस्ता बंद झाला की पलीकडे जाता येत नाही. पुलालगतचा 'रेव्हन' पब कुठल्या बाजूला आहे ते आधी बघून ठेवा, नाहीतर तासन्‌तास समोरच्यांचे ग्लास मोजत बसाल.

आणि व्हिडिओ पुन्हा लावाल तेव्हा उंची बघू नका, आवाज ऐका. माथ्यावर इंजिन किंचाळलं तर थ्रॉटल उघडा राहिलाय. मुरलेल्या रायडरचा तिथे क्षणभर दबतो, मग 'धप्प', आणि लगेच पुन्हा चढतो.