मापाचं लेदर जॅकेट शिवून घेताना काय बघायचं?

तुम्ही विचारलंय की पुण्यात राहता, बुलेट आहे, बजेट दहा हजारांच्या आसपास, तर रेडीमेड घ्यावं की धारावीत जाऊन मापाचं शिवून घ्यावं, आणि शिवलं तर फसू नये म्हणून काय बघायचं. माझं म्हणणं शिवूनच घ्या. फक्त एक आधीच सांगतो, यात फसवणूक म्हणजे नकली चामडं एवढंच सगळ्यांच्या डोक्यात असतं, मला चामडं अगदी अस्सल मिळालं होतं आणि तरी पैसे वाया गेले, कारण माप चुकलं. म्हणून उत्तर जरा मापाकडे झुकलेलं आहे, चालवून घ्या.

पहिलं जॅकेट मी २०१८ ला शिवलं. दुकानाचं नाव नको, दुकानदार माणूस म्हणून वाईट नव्हता. टी-शर्टवर, उभं करून, पाच मिनिटात टेप फिरवली, छाती, खांदा, बाही, उंची, झालं. मी पण खूश, फोटो दाखवला होता तसंच हुबेहूब होणार म्हणाला. आठ दिवसांनी घ्यायला गेलो, आरशासमोर उभा राहिलो तर एकदम भारी दिसत होतं. मग घरी आलो, बाइकवर बसलो, हँडल धरलं आणि बाह्या मनगटापासून तीन बोटं वर, मागून जॅकेट कमरेच्या वर आणि पुढे झिपपाशी असा फुगा की पोट नसलेल्या माणसाला पोट आलं. डिसेंबरात पहाटे लोणावळ्याला गेलो होतो, घाटात पाठीच्या खालच्या बाजूला जो वारा लागला तो अजून आठवतो.

परत घेऊन गेलो तर म्हणे "भाई चमडा है, पहनोगे तो खिंच जाएगा." हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल म्हणून सांगतो, अर्धं खरं आहे. चामडं रुंदीला थोडं सैल पडतं, कोपर आणि पाठ अंगाला बसते, पण बाहीची लांबी वाढत नाही, उलट कोपराला घड्या पडल्या की बाही अर्धा-पाऊण इंच वरच जाते. आणि कापडासारखं उसवून सोडताही येत नाही. चामड्यात सुई गेली की भोक कायमचं, उसवलं तर जुन्या टिपेची रांग तशीच दिसत राहते. शिवाय आतली शिवण सोल्युशनने चिकटवून हातोडीने ठोकून बसवलेली असते. म्हणजे लहान करता येतं, मोठं करणं जवळपास विसरा.

आता माझी आई. ती तीस वर्षं ब्लाउज शिवते, चामड्याशी तिचा संबंध चपलेपुरता. तिने ते जॅकेट माझ्या अंगावर बघितलं, म्हणाली हात पुढे कर, केला, आणि लगेच म्हणाली "मुंढा खोल कापलाय रे मेल्याने." मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात ती गोलाई. मला वाटलं होतं की जॅकेट सगळीकडूनच आखूड झालंय. तसं नव्हतं. मुंढा जितका खोल, म्हणजे काखेपासून जितका खाली, तितकं हात उचलला की बाहीबरोबर अख्खं अंग वर ओढलं जातं. मुंढा काखेला जवळ असला की बाही आपली आपली हलते आणि अंग जागेवर राहतं. ऐकायला उलटं वाटतं, आपल्याला वाटतं सैल काख म्हणजे मोकळा हात, पण ज्यांच्या घरात कोणी ब्लाउज शिवतं त्यांना हे पटेल, हात वर केल्यावर वर चढणारा ब्लाउज म्हणजे मुंढ्याची चूक, हे आईचं पहिल्या दिवशीचं शिक्षण. तर दुकानात गेल्यावर बाकी काही नाही आठवलं तरी हे आठवा, मुंढा वर ठेवायला सांगा, आणि बाइकसाठी असेल तर काखेत कळी, म्हणजे जोडलेला वेगळा तुकडा, आणि पाठीला खांद्यामागे दोन्ही बाजूंना चुणी टाकायला सांगा. कळीने हात फिरतो, चुणीने पाठ उघडते. चांगल्या कारागिराला हे माहीत असतंच, पण कोणी मागत नाही म्हणून कोणी करत नाही, वेळ जातो ना.

दुसरं जॅकेट २०२२ ला. या वेळी आईने हट्टच धरला की आधी कापडाचं करून बघायचं. मांजरपाट आणलं, जुन्या जॅकेटवरून अंदाज घेऊन तिने चार तासात एक पांढरं भूत शिवलं, ना अस्तर ना झिप, आणि मला सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाइकवर बसवून टाचण्या लावल्या. वॉचमन, दोन पोरं आणि शेजारच्या काकू, सगळे बघत होते. पण त्या अर्ध्या तासात जे कळलं ते कुठल्याच टेपने कळलं नसतं. बसल्यावर पाठीची उंची दोन इंच जास्त लागते, आणि डावा खांदा माझा जरा खाली आहे हे मला त्या दिवशी कळलं. स्वेटर घालून बसलो तर छातीला अजून दीड इंच. बाही कोपर वाकवून, खांद्याच्या टोकापासून कोपरावरून मनगटाच्या हाडापर्यंत मोजली, आणि वर एक इंच जास्त धरली.

तुमच्याकडे अशी आई नसेल तर गल्लीतल्या कुठल्याही टेलरकडून तीन-चारशेत हे करून घ्या. किंवा दुकानदारालाच विचारा कापडाची ट्रायल देता का. जो "जरूरत नहीं है" म्हणेल त्याच्याकडे मी तरी नाही देणार.

चामड्याकडे येतो. धारावीत लेदरची दुकानं मुख्यतः सायन-बांद्रा लिंक रोडला, काळा किल्ल्याच्या बाजूला. पुण्याहून ट्रेनने जात असाल तर दादरला उतरून लोकलने सायन. लोकांना वाटतं चामडं तिथेच कमावतात. पूर्वी कमवायचे, आता टॅनरीचं काम तिथून बरंचसं गेलंय, तयार चामडं चेन्नई, कानपूर, कोलकात्याकडून येतं आणि धारावीत कापणं-शिवणं होतं. जॅकेटला जास्त करून शीप नाहीतर गोट, म्हणजे मेंढी किंवा बकरी. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, गायीवर आधीपासून होतीच, त्यामुळे जाड माल म्हणून दाखवतात तो बहुतेक म्हशीचा, तो बॅगा-बेल्टला जास्त.

शीप नापा हातात घेतलं की सोडवत नाही इतकं मऊ, ०.७ ते ०.९ मिलिमीटर, लग्नाला-पार्टीला घालायचं तर हेच घ्या. पण ते पातळ आणि नाजूक, गेटच्या खिळ्याला अडकलं की फाटतं. गोट तेवढ्याच जाडीत जास्त चिवट, वर बारीक दाणा दिसतो, मला तोच आवडला आणि रोजच्या वापराला मी तोच सांगेन. आणि रस्त्यावर पडल्यावर खरंच कातडी वाचवायची असेल तर दोन्ही नाही. त्याला १.१ ते १.३ मिलिमीटरचं गायीचं किंवा म्हशीचं लागतं, शिवण दुहेरी, पाठीला कमीत कमी जोड. युरोपात रायडिंगच्या कपड्यांना ईएन १७०९२ म्हणून स्टँडर्ड आहे, त्यात एएए, एए, ए असे वर्ग, ते लॅबमध्ये घासून-फाडून तपासल्यावर मिळतात, त्यामुळे मापाने शिवलेल्या एका जॅकेटवर ते लेबल येणार नाही आणि कोणी लावून दिलं तर हसून सोडून द्या. मी काय केलं, खांदा, कोपर, पाठ यांचे सीई मार्कवाले (युरोपचा सुरक्षेचा शिक्का असलेले) आर्मर, म्हणजे मार झेलणारे पॅड, वेगळे विकत घेतले आणि कारागिराला दिले, त्याने अस्तराच्या आत कप्पे केले. कोपराचा कप्पा कुठे यायला हवा हे पण हात वाकवूनच ठरवा, नाहीतर आर्मर कोपराच्या वर सरकून दंडावर बसतो आणि काही उपयोग नाही.

फुटाचा हिशोब समजून घ्या, तिथेच भाव ठरतो. चामडं चौरस फुटावर विकतात, मध्यम माणसाच्या जॅकेटला ४० ते ५० फूट जातं. मला २०२२ ला फुटाला ११० सांगितले, घासाघीस करून १०० वर आला, ४८ फूट लागलं, म्हणजे ४,८०० चामड्याचेच. अस्तर, झिपा, शिलाई धरून एकूण ९,२००. आता वाढलं असेल, पण ढाचा हाच. त्यामुळे कोणी "प्युअर लेदर, साडेतीन हजार" म्हणालं की मनात फुटाने भागाकार करा, उत्तर आपोआप मिळतं. ते बहुतेक पीयू, म्हणजे कापडावर प्लॅस्टिकचा थर दिलेलं नकली चामडं, असतं नाहीतर चुरा चिकटवून केलेला बाँडेड माल, आणि पीयूचं आपल्या दमट हवेत काय होतं ते तुम्ही कुणाच्या तरी सोफ्यावर बघितलंच असेल, दोन-तीन वर्षांत पापुद्रे.

शिवून घेण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच की कापायच्या आधी अख्खी कातडी बघायला मिळतात. बघाच. काडी लावून बघणं, थेंब टाकून बघणं असले यूट्यूबवाले प्रकार करू नका, वरच्या फिनिशमुळे अस्सल चामडंही पाणी पीत नाही. कापलेली कड बघा, मागून तंतू दिसायला हवेत, जाळीदार कापड नाही. मग पांढरा रुमाल जोरात घासा, रंग सुटला तर तो तुमच्या शर्टाच्या कॉलरलाही सुटणार. गोटची कातडी लहान, माझ्या जॅकेटला अकरा लागली, प्रत्येकाची छटा थोडी वेगळी, तर दोन्ही पुढचे भाग आणि दोन्ही बाह्या उन्हात शेजारी ठेवून जुळवून घ्या, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळंच काळं सारखं दिसतं. पुढचे भाग आणि पाठ कातड्याच्या कण्याकडच्या भागातून कापायला सांगा, पोटाकडचं चामडं सैल आणि ताणणारं असतं, ते काखेखाली किंवा कॉलरच्या आत गेलं तर चालतं.

झिप चांगल्या कंपनीची, धातूची. पाहिजे तर स्वतः आणून द्या, झिप गेली की जॅकेट पडून राहतं कारण बदलायला परत तीच भोकांची भानगड. तिरकी झिप हवी का असं विचारलंत म्हणून, ती नुसती फॅशन नाहीये. न्यूयॉर्कच्या शॉट कंपनीने १९२८ मध्ये मोटरसायकलसाठी परफेक्टो नावाचं जॅकेट काढलं, त्याच घराण्यातला हा प्रकार, पुढे वाकल्यावर झिप बरोबर मधे गोळा होत नाही आणि एक पदर दुसऱ्यावर आल्याने वारा अडतो. पण बुलेटवर आपण ताठ बसतो, सरळ झिपही चालेल. अस्तर मात्र सॅटिनचं स्वस्त घेऊ नका, पुण्यात दुपारी सिग्नलला उभं राहिलात की कळेल, शरीराला सुती आणि फक्त बाह्यांना गुळगुळीत, हात पटकन आत जातो.

इन्स्टाग्रामवर फोटो पाठवून, मापं टाइप करून ऑर्डर देण्याबद्दल विचारलंय. ज्याला स्वतःचं माप पाठ आहे त्याने द्यावी. इंग्रजी नावांच्या कितीतरी साइट्सचं शिवणकाम सियालकोटला होतं, काम उत्तमही असतं, पण पाकिस्तानातून आयात मे २०२५ पासून आपल्याकडे पूर्ण बंद आहे, त्यामुळे साइट नीट बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

ॲडव्हान्स निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका, आणि ऑर्डर दिवाळीच्या आधीच द्या, थंडीत सगळ्यांनाच जॅकेट आठवतं आणि मग ट्रायल-बियल कोणी देत नाही. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवू नका, बुरशी हमखास. सुती कव्हर, रुंद हँगर, महिन्यातून एकदा वाऱ्याला, उन्हात नाही. खोबरेल तेल लावायचा सल्ला घरातलं कोणीतरी देईलच, ऐकू नका, चिकट होतं आणि धूळ धरतं.

बाकी ते मांजरपाटाचं जॅकेट घेऊन मी धारावीत गेलो तेव्हा कारागीर आधी पोट धरून हसला. मग चष्मा लावून ते उलटं केलं, मुंढा बघितला आणि विचारलं हे कोणी कापलं. आई म्हटल्यावर एक शब्द न बोलता त्याने ते उसवलं, पुठ्ठ्यावर ठेवून फर्मा काढून घेतला. जॅकेट अठरा दिवसांनी मिळालं, आजही बाइकवर हेच असतं. मांजरपाट परत मागितलं तर म्हणे राहू द्या इथेच, फर्म्यावर तुमचं नाव टाकलंय, पुढच्या वेळी नुसता फोन करा. आई अजून विचारते की तिच्या दोन मीटर कापडाचे पैसे त्याने बिलातून वजा केले होते का.