सगळं एकाच रविवारी नको!

प्रश्न: थंडी संपली, कुंडीतल्या झाडांना नवीन पालवी फुटायला लागलीय. रिपॉटिंग (झाड दुसऱ्या कुंडीत लावणं), छाटणी, खत हे सगळं एकदमच उरकून टाकलं तर चालेल का?

उत्तर: नाही हो, एकदम नको, झाडाला झेपत नाही. आधी रिपॉटिंगचं बघा. झाड कुंडीतून हलकेच बाहेर काढा, मुळं मातीच्या गोळ्याभोवती गोल गोल गुंडाळलेली दिसली किंवा खालच्या भोकातून बाहेर आली असतील तरच कुंडी बदला, आणि नवीन कुंडी फक्त 1-2 इंच मोठी घ्या, कारण फार मोठ्या कुंडीत माती जास्त दिवस ओली राहते आणि मुळं कुजतात (हौसेने मोठी कुंडी घेतली जाते आणि तिथेच घोळ होतो). गोळा घट्ट असेल तर मुळं बोटांनी थोडी मोकळी करा. खत मात्र 3-4 आठवडे थांबून, ताज्या मुळांना ते सहन होत नाही.

छाटणी सरसकट करू नका. वसंतात फुलणाऱ्या बऱ्याच झुडपांच्या कळ्या जुन्या फांद्यांवर आधीच तयार असतात, आत्ता कापलंत तर यंदाची फुलं गेली, त्यांना बहर संपल्यावरच हात लावा. वाळलेल्या फांद्या कधीही काढा.

आणि कोवळे शेंडे रोज उलटून बघा प्लीज, मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) तिथेच बसतो. सुरुवातीला नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेही बराचसा निघून जातो.