पहिलं सीएनसी घेताय? मग आधी एवढं सांभाळा

भोसरीत गाळा झाला, पहिलं सीएनसी टर्निंग मशीन (म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं लेथ) येतंय, मनापासून अभिनंदन! सुरुवातीला तीनच गोष्टी बघा.

१. तासाचा दर स्वतः काढा. शेजारच्याचा भाव बघून कोटेशन देण्यातच बहुतेक नवे लोक फसतात. हप्ता, भाडं, वीज, पगार, इन्सर्ट (टूलला लावायची बदलती कटिंग टोकं) यांची महिन्याची बेरीज करा आणि मशीन खरोखर चालेल तेवढ्याच तासांनी भागा. सेटिंगचे, म्हणजे नवं काम लावताना मशीन तयार करण्याच्या वेळेचे, पैसे वेगळे लावा. ५० नगांच्या लॉटला दोन तासांचं सेटिंग धरलं नाही, तर नगामागे जवळजवळ अडीच मिनिटं तुमच्या खिशातून जातात.

२. पहिला नग पास झाल्याशिवाय लॉट सोडू नका. आणि गरम नग मोजू नका! ५० मिमी व्यासाचं स्टील २० अंशांनी तापलं की साधारण ०.०१ मिमी फुगतं. मशीनवर बरोबर आलेलं माप पार्टीकडे कमी भरतं, लॉट परत येतो.

३. पहिल्या डिलिव्हरी चलनाआधी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगांचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवं.

आयएसओ (गुणवत्तेचं प्रमाणपत्र), दुसरं मशीन वगैरे पुढच्या वर्षी बघू. आधी दराचा तक्ता करा, अडलात तर बिनधास्त विचारा.