खर्रा, व्हेप, मावा आणि आपली पोरं : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरताईंची उत्तरं

मागच्या अंकात दातांच्या निगेबद्दल लिहिताना तंबाखूवर जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या आणि पत्रं आली ती सगळी त्या चार ओळींवरच. त्यातली तीन घेतलीयेत. नावं काढून टाकलीत, मजकूर तुमचाच.

प्रश्न : ताई, मी वर्धा जिल्ह्यातला शेतकरी, वय ४८. पोट्टा नववीत आहे, त्याच्या दप्तरात खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पन्नी सापडली. मी रागात दोन कानाखाली वाजवल्या, तेव्हापासून आठ दिवस झाले तो माझ्याशी बोलत नाही. पेपरात वाचलं होतं की शाळेतल्या पोरांचं तंबाखू खाणं कमी झालं म्हणून, मग आमच्या गावात कसं दिसत नाही ते? खोटं कशाला बोलू, मी स्वतः तंबाखू खातो, पण मी सुरू केली तेव्हा विशीत होतो, याच्याएवढा नव्हतो.

उत्तर : दादा, तुम्ही स्वतःचं खरं लिहिलंत ना, तिथूनच पुढचं सोपं होणार आहे. आधी पेपरातल्या बातमीबद्दल सांगते, कारण ती खोटी नाहीये. १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांचा देशभर सर्वे होतो, त्यात २००९ साली १४.६ टक्के मुलं कुठला ना कुठला तंबाखू वापरत होती, २०१९ मध्ये ते ८.५ टक्क्यांवर आलं. मोठ्या माणसांचा वेगळा सर्वे होतो, त्यात १५ ते २४ वयाच्या तरुणांमध्येही २००९-१० ला १८.४ टक्के होतं ते २०१६-१७ ला १२.४ झालं. हे आपोआप झालं नाही, २००३ चा कायदा, २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी, पाकिटावरची ती चित्रं, शाळांमधलं काम, या सगळ्यामागे कितीतरी माणसांचे कष्ट आहेत आणि मला त्याचा खरंच आनंद आहे.

पण त्याच मोठ्या माणसांच्या सर्वेत आपल्या महाराष्ट्राचा आकडा बघितला की पोटात गोळा येतो. एकूण तंबाखू वापरणारे ३१.४ वरून २६.६ टक्क्यांवर आले, पण १५ ते १७ वयाच्या मुलांमध्ये हेच प्रमाण २.९ वरून ५.५ टक्के झालं. म्हणजे मोठी माणसं सोडतायत आणि कोवळी पोरं धरतायत. आणि २०१९ च्या शाळेच्या सर्वेत अजून एक गोष्ट आहे जी मला झोपू देत नाही, चघळायचा तंबाखू घेणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी तो वयाची दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच तोंडात घातला होता. चौथी-पाचवीतलं पोर म्हणजे किती हो, त्याचे दुधाचे दात पण सगळे पडलेले नसतात.

तुमच्या गावात कमी झालेलं दिसत नाही त्याचं माझ्या मते एक कारण असं की आपले बरेचसे उपाय पाकिटासाठी आहेत आणि खर्र्याला पाकीटच नाही. २०१६ पासून पुडीच्या ८५ टक्के भागावर इशारा छापावा लागतो, २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे. मग काय झालं, तर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत यायला लागला, गिऱ्हाईक दोन्ही फोडून हातावर मिसळतो. खर्र्याला तर तेवढंही लागत नाही. टपरीवर सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तुमच्यासमोर खसाखसा घोटतात, गाठ मारून हातात देतात. ना त्यावर चित्र, ना इशारा, ना किंमत. मुलानं ते लहानपणापासून पाहिलेलं असतं, आणि बऱ्याचदा बापानं नाहीतर काकानंच त्याला आणायला पाठवलेलं असतं. १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहे, शाळेपासून १०० यार्डांच्या आत दुकान चालत नाही, हे कायद्यात आहेच, पण बापाचं नाव सांगून आलेल्या पोराला कोण अडवणार?

आता पोराचं. मारल्यानं सवय सुटत नाही, फक्त लपायला लागते, हे मी दातांची डॉक्टर म्हणून बावीस वर्षं खुर्चीत बसणाऱ्या पोरांकडून ऐकत आलेय. आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसा, आणि मारलं ते चुकलं असं आधी सांगा. मग त्याला तोंड पूर्ण उघडून स्वतःचीच तीन बोटं, पहिलं, मधलं आणि त्याच्या शेजारचं, उभी करून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालायला सांगा. तिन्ही सहज गेली तर छान. अडत असतील, किंवा तिखट भाजी झोंबते म्हणत असेल, गाल आतून पांढुरका आणि ताठ झाला असेल तर लगेच दातांच्या डॉक्टरकडे न्या. हे सुपारीमुळे होतं, तंबाखू नसला तरी होतं. गालातली कातडी आखडत जाते आणि एकदा आखडली की पूर्ण पहिल्यासारखी होत नाही, पण खाणं थांबवलं तर निदान वाढायची थांबू शकते. त्याचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होऊ शकतं म्हणून नुसती दुखायची वाट बघू नका, सुरुवातीला दुखतच नाही.

आणि तुमची स्वतःची पुडी. त्याच्यासमोर म्हणा, मीही सोडायचा प्रयत्न करतो, तू माझ्यावर लक्ष ठेव. पोरांना हे काम फार आवडतं, माझ्याकडे एका सातवीतल्या मुलीनं वडिलांच्या खिशाची रोज झडती घेऊन दोन महिन्यांत त्यांची पुडी बंद केलीये.

प्रश्न : पुण्यातून लिहितेय. मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या पर्समध्ये पेनड्राइव्हसारखी गुलाबी वस्तू मिळाली, स्ट्रॉबेरीचा वास येतो. ती म्हणते मम्मा हे व्हेप आहे, यात तंबाखू नसतो, नुसती वाफ असते. आमच्या घरात कुणी सुपारी पण खात नाही हो.

उत्तर : तंबाखूचं पान नसतं हे खरं, पण बहुतेक व्हेपमध्ये निकोटिन असतं, आणि सवय लावतं ते निकोटिनच. ती नुसती पाण्याची वाफ नाही, त्यात इतर रसायनंही असतात. सप्टेंबर २०१९ पासून आपल्या देशात ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं सगळं बंद आहे, त्यामुळे तिच्या हातात जे आलंय ते चोरट्या मार्गानं आलंय आणि आत काय भरलंय ते तपासलेलं नाही, हे तिला शांतपणे सांगा. सिगारेट ओढली की कपड्यांना, केसांना वास यायचा आणि आईला कळायचं, याचा वास खाऊसारखा येतो म्हणून घरात बसून ओढलं तरी कळत नाही.

तिला एकच विचारा, सकाळी उठल्यावर किती वेळात ते हवंसं वाटतं? अर्ध्या तासाच्या आत असेल तर सवय बरीच लागलीये आणि मदत घ्यायला हवी. घरात कुणी सुपारी खात नाही हे तिला सारखं ऐकवू नका, ती अजूनच गप्प होईल.

प्रश्न : मॅडम, मी सांगली जिल्ह्यातला आहे, वय १९. दहावीपासून मावा (सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला) खातो, आता दिवसाला सहा होतात, वीस रुपयाला एक. तीनदा सोडला, दुसऱ्या दिवशी डोकं एवढं ठणकतं आणि आईवर उगाच खेकसतो की परत टपरीवर जातो. आता वडापाव खाताना तोंड पहिल्यासारखं उघडत नाही. आर. आर. आबा (माजी गृहमंत्री आर. आर. पाटील) गेले तेव्हा मी लहान होतो, आमच्या घरात सगळे रडले होते, पण पप्पांनी तंबाखू काय सोडली नाही. माझं अजून काही होऊ शकतं का?

उत्तर : होऊ शकतं रे बाळा, आणि तू स्वतःहून लिहिलंस म्हणून जास्तच होऊ शकतं. तोंड कमी उघडतंय हे मात्र या आठवड्यातच दाखव, पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस. सरकारी दंत महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात तपासणी स्वस्तात होते. आबा ५७ व्या वर्षी, २०१५ साली तोंडाच्या कॅन्सरनं गेले, तू १९ चा आहेस, तुझ्याकडे वेळ आहे.

तीनदा सोडलास म्हणजे तीनदा हरलास असं समजू नको, बहुतेकांना अनेक प्रयत्न लागतातच. डोकं ठणकणं, चिडचिड, झोप न लागणं, हे निकोटिन उतरतंय म्हणून होतं, दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बरंचसं निवळतं. तू प्रत्येक वेळी नेमका सगळ्यात वाईट दिवशी टपरीवर गेलास. तेव्हा यावेळी आईला आधीच सांगून ठेव, आई दोन-तीन दिवस मी खेकसेन, मनावर घेऊ नको. परीक्षा नसलेला आठवडा निवड. तलफ आली की ती पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पाणी पी, बडीशेप नाहीतर लवंग चघळ, घराबाहेर एक चक्कर मार, फक्त टपरीच्या उलट्या दिशेनं. सुगंधी सुपारी मात्र अजिबात नको, तुझ्या तोंडाला खरा धोका सुपारीचाच आहे. निकोटिनचं च्युइंगम मिळतं, पण तुझं तोंड आखडलंय म्हणून ते चघळायचं की नाही हे डॉक्टरला विचारूनच ठरव.

१८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळतं, पहिले काही दिवस तिथे बोलत राहा. सहा मावे म्हणजे रोजचे १२० रुपये, महिन्याला ३६००. ते आईकडे दे, बघ ती काय करते.

तपासायला जाशील तेव्हा पप्पांनाही घेऊन जा. एकटा घाबरतो म्हण, सोबत चला म्हण, ते येतील, आणि तिथे पोचलात की डॉक्टरला सांग, आधी यांचं तोंड बघा.