ट्रेनिंगला कुठे पाठवता, हे आधी विचार

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली हॉटेल मॅनेजमेंट आणि टुरिझमच्या कॉलेजांची माहितीपत्रकं बघितली. सगळ्यांवर कोट घातलेली हसरी मुलं आणि मागे निळाशार स्विमिंग पूल. शंभर टक्के प्लेसमेंटही सगळ्यांकडेच! असल्या कागदांवरून कॉलेज निवडता येत नाही, तेव्हा कुठलं कॉलेज घेऊ आणि हॉटेल की टुरिझम, हे तू मला विचारलंस ते बरंच केलंस. तुझ्या आईचाही फोन येऊन गेला. मी तुला बी.कॉम.कडे वळवावं अशी तिची इच्छा. ते मी करणार नाही, पण तिची भीती हसण्यावारीही नेणार नाही.

एका धंद्यावर सगळं घर टेकलं की काय होतं, ते तुमच्या डिचोलीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 2012 साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 साली परत थांबल्या. अंगणात उभा राहिलेला खाणीवरचा ट्रक तू बघतच मोठी झालीस. आई म्हणते, खाण गेली तसं टुरिझमही जाईल. 2020 साली हॉटेलं ओस पडली होती, हे खरंच आहे. पण एक फरक ती विसरते. खाण बंद झाली तेव्हा तुझ्या बाबांची कमाई ज्या ट्रकात अडकली होती, तो दुसरीकडे नेऊन उपयोग नव्हता. हाउसकीपिंग, म्हणजे खोल्यांची साफसफाई-टापटीप, नीट शिकलेली मुलगी हॉस्पिटलात लागते, विमानतळावर लागते, क्रूझवर जाते. टाळेबंदीत माझ्या ओळखीच्या किचनमधल्या पोरांनी घरून डबे सुरू केले, त्यातल्या काहींचे अजून चालू आहेत. ही सोय हातात कसब असलेल्यांसाठी. नुसती पदवी असलेला खाण बंद पडल्यावरच्या ट्रकासारखाच अडकतो.

म्हणून कॉलेजात गेल्यावर माझा एकच प्रश्न आधी विचार: ट्रेनिंगला कुठे पाठवता आणि तिथे मुलं नेमकं काय करतात? बाकी इमारत, कॅन्टीन, परदेशी टाय-अप हे सगळं नंतर.

हॉटेलच्या तीन वर्षांच्या पदवीत साधारण एक सेमिस्टर हॉटेलात काढावं लागतं. त्यात किचन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस (रिसेप्शन) आणि हाउसकीपिंग अशी चारही खाती फिरवून दाखवायची असतात. कागदावर ती फिरतातच. प्रत्यक्षात गोव्यात काय होतं, तर ट्रेनी येतात ते ऐन सीझनला, लग्नांच्या गर्दीत, आणि मग त्यांना बॅन्क्वेटला, म्हणजे समारंभाच्या हॉलवर, टाकून देतात. जेवण गरम ठेवायच्या चेफिंग डिश उचल, खुर्च्यांना कव्हर घाल, ग्लास पूस. सेमिस्टर संपेपर्यंत तेच. फ्रंट ऑफिसात दोन दिवस उभं केलं की लॉगबुकावर सही होऊन जाते. हे चालतं कारण ट्रेनी म्हणजे स्वस्तातले हात, आणि कॉलेजातून बघायला कुणी येत नाही. काही कॉलेजांचे शिक्षक मात्र दर आठवड्याला ट्रेनिंग मॅनेजरला फोन करतात, मूल एका खात्यात अडकलं की भांडतात. हा फरक माहितीपत्रकात कुठेही छापलेला नसतो.

प्राचार्यांना विचारलंस तर गोड उत्तर मिळेल. तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना गेटवर गाठ. कुठल्या खात्यात किती आठवडे होतात, रोज किती खोल्या केल्या, चेक-इन स्वतः केलं की बाजूला उभं राहून बघितलं, स्टायपेंड वेळेवर आला का, असं मोकळेपणी विचार. रूम अटेंडंट एका शिफ्टमध्ये चौदा-सोळा खोल्या करतो. ज्या मुलीने तो वेग निदान पंधरा दिवस अनुभवलाय, ती बोलायला लागली की दोन वाक्यांत कळतं. परदेशी पाहुणा उतरला की त्याची सरकारला कळवायची नोंद, म्हणजे फॉर्म सी, चोवीस तासांत भरावा लागतो. तो कधी स्वतः भरलास का, एवढंच कुणाला विचारून बघ. डोळे कुठे वळतात ते बघ.

आता हॉटेल की टुरिझम, हा तुझा दुसरा प्रश्न. लोक दोन्ही नावं एका दमात घेतात, दिवस मात्र दोघांचे वेगळे जातात. हॉटेलात पायांवर उभं राहायचं, शिफ्ट बदलत राहायची, आणि लोकांची सुट्टी हा आपला कामाचा दिवस. गणेशचवथीला रजा मिळू शकते, कारण तेव्हा पावसाळा असतो आणि खोल्या रिकाम्या. दिवाळीत मुंबई-गुजरातची गर्दी आणि नाताळ ते नवीन वर्ष तर विचारूच नकोस. ट्रॅव्हलच्या ऑफिसात बसून काम, अमेडियस किंवा गॅलिलिओ या बुकिंगच्या सॉफ्टवेअरवर तिकिटं काढणं, व्हिसाचे कागद, ग्रुपच्या बस, आणि रात्री दोनला फोन, की मोपाऐवजी दाबोळीला उतरलोय, गाडी कुठाय? (दोन विमानतळ झाल्यापासून हा फोन कुणालाच चुकलेला नाही.) माणसांशी समोरासमोर वागायला आवडत असेल तर हॉटेल. रस्ते, वेळा, हिशेब जुळवण्यात मजा वाटत असेल तर टुरिझम. मागे शाळेच्या सहलीचं सगळं वेळापत्रक तूच लावलं होतंस, ते मला आठवतंय, पण निर्णय तुझा.

हॉटेलसाठी पर्वरीचं सरकारी इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट आहे. तिथे हॉटेल मॅनेजमेंटच्या राष्ट्रीय परिषदेच्या एनसीएचएम जेईई परीक्षेतून प्रवेश मिळतो. बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय मात्र हवा. पेपरात अंकगणित, तर्क, सामान्य ज्ञान, इंग्रजी आणि सेवाक्षेत्राची कलचाचणी असते. प्राथमिक शाळा मराठीतून झाली म्हणून इंग्रजीला घाबरतेस, ते या परीक्षेपुरतं तरी सोड. रोज एक उतारा वाचलास तरी पुरेल. मनोरा-राय इथलं व्ही. एम. साळगावकर इन्स्टिट्यूट गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे. टुरिझमकडे वळलीस तर ग्वाल्हेरच्या केंद्रीय पर्यटन संस्थेची गोव्यात शाखा आहे, ती बघून ये. पदवी कुठल्या विद्यापीठाची मिळणार हे प्रत्येक ठिकाणी लेखी विचार, पुढे एम.बी.ए. करायचं झालं तर तेच आड येतं. आणि किचनचीच ओढ असेल तर तीन वर्षांच्या पदवीऐवजी परिषदेचा दीड वर्षाचा फूड प्रॉडक्शनचा क्राफ्ट कोर्सही वाईट नाही. लोक त्याला कमी समजतात. मी कित्येक चांगले शेफ त्यातून आलेले बघितलेत.

कॉलेजं गोवा शिकवत नाहीत, ही माझी जुनी तक्रार. सिलॅबसात युरोपातल्या वाइन असतात, टुरिझमच्या पुस्तकात ताजमहाल असतो. तुझ्या घरापासून नार्वे गाव किती लांब? तिथला सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचं दैवत. त्याचं मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगिजांनी ते पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्याला आलं, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. जुने गोवे बघायला आलेल्यांपैकी बहुतेक जण बासिलिका चर्चमधून थेट कळंगुटच्या किनाऱ्यावर परततात. त्यांना फेरीबोटीने दिवाडीला नेता येतं, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्व्याला, पुढे मये तळं, लामगावच्या गुहा, हरवळ्याच्या गुहा आणि धबधबा.

हा एका दिवसाचा दौरा कागदावर मांडून बघ. दिवाडीला फेरी किती वेळाने सुटते? जेवण कुठे, आणि पन्नाशीच्या बायकांच्या ग्रुपला स्वच्छ टॉयलेट कुठे? पावसाळ्यात हरवळ्याला घसरण असते का? देवळात कपड्यांचा नियम काय? शुक्रवारी जुन्या गोव्याचं पुरातत्त्व संग्रहालय बंद असतं, मग त्या दिवशी क्रम कसा बदलशील? प्रत्यक्ष जाऊन, घड्याळ लावून कर. मुलाखतीला येणारी दहातली नऊ मुलं ‘गोवा म्हणजे बीचेस अँड चर्चेस’ एवढंच सांगतात. असा कागद टेबलावर ठेवणारी मुलगी वेगळी दिसते, मग ती हॉटेलच्या ट्रॅव्हल डेस्कला बसो की ऑफिसात. महाराष्ट्रातून येणाऱ्या कुटुंबांशी तू मराठीत बोलशील आणि फेरीवाल्याशी कोकणीत. याची किंमत तुला आत्ता वाटत नाही. पुढे गाइड म्हणून काम करावंसं वाटलं तर पर्यटन व्यवसाय नोंदणीच्या 1982 च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे रीतसर नोंदणी करायची. किनाऱ्यावर बिननोंदणी फिरणाऱ्यांच्या नादी लागू नकोस.

राहिली आईची भीती. रात्रपाळी असतेच, ती लपवण्यात अर्थ नाही. पण रात्रपाळीपेक्षा रात्रीच्या प्रवासाचं बघायला हवं. अकराला सुटलीस तर डिचोलीला बस मिळणार नाही, आणि हॉटेलची गाडी बहुधा मोठ्या रस्त्यावरच सोडते. तेव्हा ट्रेनिंगच्या हॉटेलात मुलींसाठी राहण्याची किंवा दारापर्यंत सोडण्याची सोय आहे का, हे कॉलेजलाच विचारायचं. सोय नसेल तर ते हॉटेल नको म्हणायची मुभा आहे का, तेही. दुसरं, किचनमध्ये सगळ्या प्रकारचं मांस हाताळावं लागतं. घरात यावर बोलणं झालं नसेल तर आत्ताच बोलून घ्या. दुसऱ्या वर्षी रडत घरी आलेल्या मुली मी बघितल्यात. देशातल्या काही मोजक्या संस्थांत शाकाहारी पर्याय असतो, पण तिकडे जायचं तर गोवा सोडावा लागेल.

फॉर्म भरण्याआधी निदान दोन कॉलेजांच्या गेटवर उभी राहून ये, आणि मुलं काय बोलली ते जसंच्या तसं वहीत लिहून माझ्याकडे घेऊन ये. आईला सांग, रात्रपाळीचं जे काही विचारायचंय ते तिने तुझ्यामार्फत न विचारता मलाच विचारावं. संध्याकाळी सातनंतर मी मोकळी असते.

तुझी,
मावशी